येऊरच्या जोरावर स्पितीत माउंटन बाइक जमेल का? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

घोडबंदरी

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस ट्राफिकमध्ये आणि उरलेले दोन सायकलवर. शनिवार-रविवार सकाळी उपवनवरून येऊरचा डोंगर, तेही सातच्या आत, कारण नंतर टर्फवाल्यांच्या आणि नाश्त्याला आलेल्यांच्या गाड्या सुरू होतात आणि मग वळणावर समोरून कोण येईल काही सांगता येत नाही. कधी कंटाळा आला तर खारघरची टेकडी. एकदा माळशेजला जाऊन आलोय, परत येताना मुरबाडला पाय वळले होते पण आलो.

सायकल हार्डटेल (मागे शॉक नाही), २९ इंची चाकं, पुढे १०० मिमीचा फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे ११ ते ४६ दात्यांची. ट्यूबलेस करून घेतलीय.

तर डोक्यात बसलंय की यंदा विसर्जन झालं की सप्टेंबरअखेर हिमाचलमधलं स्पिती. बारा दिवस सुट्टी मंजूर झाली आहे (साहेबांना सांगितलंय कुलदैवताला जायचंय, इथे ऑफिसचं कोणी असेल तर गप्प बसा). प्लॅन असा की मनालीपर्यंत बस, तिथून पहिल्या दिवशी सायकलने निघून चंद्रताल तलावाला मुक्काम करत करत कुंझुम खिंड ओलांडून काझा, मग किब्बर, लांगझा वगैरे ट्रेल करून त्याच रस्त्याने परत. सोबत कॉलेजचा एक मित्र आहे, तो माझ्यापेक्षा फिट आहे, धावतो वगैरे.

विचारायचंय ते असं. एक, येऊर-खारघर करणाऱ्या माणसाला तिथले चढ झेपतील का, अजून काय तयारी करू. दोन, खरे ट्रेल, म्हणजे डांबरी नाही, पायवाटा, कुठे आहेत. तीन, सायकल इथून न्यायची की मनालीत भाड्याने घ्यायची. चार, हिच्याकडून आलाय प्रश्न, "तिकडे काही झालं तर फोन लागतो का". उत्तर मलाच हवंय, तिला काय सांगायचं ते मी बघतो.

---

खारघरची_चढण

अरे मनालीकडून नको जाऊस रे बाबा. बाकी सगळं नंतर, आधी हे.

मी दोनदा गेलेय. पहिल्यांदा हुबेहूब तुझाच प्लॅन होता, अगदी चंद्रतालसकट, आणि काझापर्यंत पोचलेच नाही. दुसऱ्यांदा सिमल्याच्या बाजूने, किन्नौरकडून गेले आणि नऊ दिवस मजेत सायकल चालवली. पाय दोन्ही वेळेला तेच होते, फरक रस्त्याचा होता.

बघ, मनाली दोन हजार मीटरवर. चंद्रताल सव्वाचार हजाराच्या आसपास, कुंझुम साडेचार हजाराच्या वर. मधे ग्रम्फूपासून बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणायला पण जीभ रेटत नाही, गोटे, वाळू, आणि दर थोड्या अंतराने वरून येणारा नाला. म्हणजे शरीर उंचीला सरावायच्या आत तू सगळ्यात खराब रस्त्यावर सगळ्यात जास्त जोर लावणार आणि रात्री झोपणार सव्वाचार हजारावर. आपल्याकडे कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काहीच नाही, मग सवय होणार कुठून?

नाल्यांचं एक सांगते. ते बर्फाचं पाणी असतं, त्यामुळे सकाळी कमी आणि ऊन चढलं की वाढत जातं. आम्ही एक नाला दुपारी तीनला गाठला. गुडघ्याच्या वर पाणी, ओढ एवढी की सायकल उचलून खांद्यावर घेतली तर तोल जातोय आणि पाण्यात धरली तर चाकं ओढली जातायत. शेवटी एका ट्रकवाल्याने सायकली वर टाकल्या आणि आम्हाला केबिनमध्ये घेतलं. पलीकडे उतरल्यावर दहा मिनिटं मला माझ्या पायाची बोटं सापडत नव्हती. सप्टेंबरअखेर पाणी कमी असतं हे खरं, पण थंडी जास्त असते, आणि कुंझुमला त्या सुमारास एखादा बर्फाचा शिडकावा झाला तर रस्ता दोन दिवस बंद. तुझ्याकडे दोन दिवस आहेत का जास्तीचे?

किन्नौरचा रस्ता लांब आहे, सिमल्यापासून काझा सव्वाचारशे किमीच्या आसपास, पण तो हळूहळू वर नेतो. रामपूर हजार मीटर, कल्पा तीन हजाराला जरासं कमी, नाको ३६६०, मग ताबोला परत खाली ३२८०, आणि मग काझा. म्हणजे उंच चढून खाली झोपायचं हे आपसूकच होतं. आम्ही चंदीगढहून हिमाचलच्या सरकारी बसने रिकाँगपिओ, दोन रात्री कल्पा, तिथून परत बसने नाको आणि नाकोपासून सायकल. नाको ते ताबो साठ-पासष्ट किमी, सुरुवातीला मस्त उतार आणि मग सुमदोनंतर स्पिती नदी उजव्या-डाव्या हाताला धरून जायचं. ताबो ते काझा ४७ किमी, दिसायला सपाट. दिसायला. दुपारी बारा-एकनंतर दरीत वारा सुटतो आणि तो तोंडावर आला की सपाटीवर पण सगळ्यात हलक्या गिअरमध्ये येतोस. मी शेवटचे दहा किमी अक्षरशः रडत काढलेत. त्यामुळे पहाटे निघायचं आणि दुपारी जेवायला मुक्कामी, रोज, अपवाद नाही.

सायकल नेण्याचं. आम्ही पनवेलहून केरळ संपर्क क्रांतीने गेलो, ती थेट चंदीगढला जाते, रोज नसते तेवढं बघ. सायकल पार्सलला. बसला टपावर. कंडक्टरशी गोड बोलायचं, आणि दोरी स्वतःची न्यायची. त्याच्याकडच्या दोरीने बांधली तर ती फ्रेमला घासून रंग काढते, माझ्या सायकलच्या वरच्या नळीवर अजून तो पट्टा आहे. जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे कापून नळीभोवती गुंडाळ, वजन काही नाही आणि तिकडे पंक्चरला पण कामाला येतात.

ट्रेलचं संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिसची स्टँडअप मीटिंग आहे.

---

चिमणराव_नव्हे

कुलदैवत स्पितीला 😂 साहेबांसाठी प्रसाद म्हणून जर्दाळू आणा, किन्नौरचे.

---

ऐरोलीकर_डॉक्टर

धागाकर्ते, "मित्र माझ्यापेक्षा फिट आहे" हे वाक्य वाचून मला काळजी तुमच्यापेक्षा तुमच्या मित्राची वाटली.

उंचीचा त्रास फिटनेस बघून येत नाही. उलट फिट माणूस भराभर वर चढतो, डोकं दुखतंय हे कबूल करायला त्याला लाज वाटते, आणि तोच अडकतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण साडेचार हजार मीटरवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या ५७-५८ टक्के असतो, म्हणून प्रत्येक श्वासात मिळतो कमी. शरीर त्याला जुळवून घेतं, पण घ्यायला दिवस लागतात, तास नाही. साधा नियम हा की तीन हजाराच्या वर गेलात की रोज झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा वर जाऊन या, हरकत नाही. मोजायचं ते झोपेचं.

आता स्वतःचं. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण गाडीने गेलो होतो, मनालीकडूनच, एका टूरवाल्याच्या भरवशावर. त्याने दुसऱ्याच रात्री चंद्रतालजवळच्या तंबूत नेऊन टाकलं. मी डॉक्टर, मला कळत होतं की हे चुकतंय, पण सगळे हसतायत, फोटो काढतायत, आपण कशाला रंगाचा बेरंग करा. रात्री अकराला आमच्यातल्या एकाचं डोकं दुखायला लागलं, एकला उलट्या, दोनला तो तंबूतून बाहेर आला तेव्हा सरळ रेषेत चालता येत नव्हतं. दारू प्यायल्यासारखी चाल. ते बघितल्यावर मी सकाळची वाट बघितली नाही, ड्रायव्हरला उठवलं आणि रात्रीच खाली निघालो. फोन लागत नव्हता, रस्ता तसा. लाहौलमध्ये खाली उतरल्यावर पहाटे तो स्वतःहून म्हणाला भूक लागलीय. तेव्हा माझे हात थरथरायला लागले, तोपर्यंत काही नव्हतं.

तर लक्षात ठेवायचं ते एवढंच की डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं असेल तर वर जायचं थांबा. चाल बिघडली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर खाली उतरा, त्याच क्षणी, रात्र असली तरी. गोळी देऊन वाट बघत बसू नका.

अॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स बरेच जण घेतात, प्रतिबंधाला सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल तर नाही, म्हणून आपल्या डॉक्टरला दाखवून मगच. लघवीला जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. काझाला सरकारी रुग्णालय आहे, सायकलवर असाल तर त्याच्या टप्प्यात राहिलेलं बरं.

आणि वहिनींना खरं सांगा.

---

पंक्चरकाका

वय वर्षे ६३, नौपाडा. स्पितीला गेलेलो नाही, जाणारही नाही, पण जाणाऱ्या बऱ्याच सायकली माझ्या हाताखालून गेल्यात आणि परत आल्यावर पण मीच बघितल्यात, त्यामुळे बोलतो.

सगळे चढाचं विचारतात. चढाला काय होणार, दम लागेल, उतरून ढकलाल. सायकल मरते ती उतारावर. वर गेलेला माणूस खाली येणारच, आणि तिकडचा उतार येऊरसारखा दहा मिनिटांत संपत नाही.

ब्रेक पॅड. कंपनीतून बहुतेक सायकलींना रेझिनचे येतात, मऊ असतात, आवाज करत नाहीत, शहरात छान. ओली वाळू आणि लांब उतार मिळाला की खडूसारखे झिजतात. धातूचे म्हणजे सिंटर्ड पॅड टाका, पण आधी रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बघा, काही रोटरवर स्पष्ट लिहिलेलं असतं की फक्त रेझिन, तिथे धातूचे टाकले की रोटर खाल्ला समजा. एक जोडी चाकावर, दोन जोड्या खिशात. नवीन पॅड टाकल्यावर इथेच दोन-तीनदा येऊर उतरून बसवून घ्या, तिथे जाऊन पहिल्यांदा नको.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. जोरात दाबायचा, वेग तोडायचा, सोडायचा. सतत घासत आलात तर रोटर तापतो, निळसर पडतो, जळका वास येतो, आणि ब्रेकचा लिव्हर मऊ लागायला लागला की थांबायचं. पाणी ओतायचं नाही त्यावर! एक शहाणा ओतून आला होता, रोटर पापडासारखा वाकडा.

आता पॅकिंग, हे नीट वाचा. हायड्रॉलिक डिस्कची सायकल पार्सलला देताना चाक काढलं की कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या भागात, दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला, किंवा तो प्लॅस्टिकचा येतो तो. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, मग पॅड चिकटतात आणि रोटर आत जात नाही. हमाल उचलताना लिव्हरच धरतात. रोटर काढून पुठ्ठ्यात वेगळा ठेवा, वाकला की आयुष्यभर घासत राहील.

डिरेलरचा (मागचे गिअर बदलणारा भाग) हँगर, ती छोटी अॅल्युमिनियमची पट्टी, स्पेअर हवीच. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. काझात मिळेल या भरवशावर राहू नका, ठाण्यात मिळवायला मला आठवडा लागतो. चेनचे दोन जोड, चेन तोडायचं अवजार, दोन ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), ठिगळं, सोल्युशन. टायरची बाजू दगडाने फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. चाकांचं आउट काढून, स्पोक आवळून मगच निघा. एवढं बास.

---

घोडबंदरी

काका, ताई, डॉक्टर, तिघांनाही साष्टांग. चंद्रताल रद्द. मित्राला डॉक्टरांचा प्रतिसाद फॉरवर्ड केला, तो म्हणाला "मला काय होतंय", म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे.

ट्यूबलेसवरून आठवलं, इथल्या एका दुकानात सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरून घेतलं होतं पैसे मोजून, परवा टायर उघडला तर आत नुसती सुकलेली साय. विचारलं तर म्हणे "असंच असतं".

---

मोजपट्टी

सीलंट आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतंच, त्यात त्या दुकानदाराची चूक नसेलही. भरून किती दिवस झाले ते लिहिलं नाहीत तुम्ही.

मी वेगळंच लिहायला आलो होतो. टायरमधल्या हवेचा हिशोब. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, साडेचार हजार मीटरवर साधारण साडेआठ. पंपावरचा काटा आतला आणि बाहेरचा यातला फरक दाखवतो. म्हणजे ठाण्यात २६ भरून निघालात तर वर काहीही न करता काटा ३२ च्या आसपास दाखवेल. थंडीने थोडं कमी होईल पण टायर कडकच लागेल, आणि कडक टायर सुट्ट्या खडीवर पकडत नाही, उडतो. म्हणून वर गेल्यावर हवा थोडी सोडायची. खाली आल्यावर परत भरायची, नाहीतर रिंग दगडावर आपटते. छोटा पंप लागतोच, गॅसच्या नळकांड्यांवर राहू नका, विमानात त्यांची कटकट होते.

---

खारघरची_चढण

आले. लांब आहे हं.

आधी मनाची तयारी कर की गावांना जोडणारे रस्ते बरेचसे डांबरी झालेत. काझा ते की गाव ते किब्बर डांबरी, किब्बर ते चिचम आता पूल आहे, २०१७ ला झाला, त्याआधी ती दरी लोक तारेवरच्या पाळण्यातून ओलांडायचे. पुलावर उभं राहून खाली बघशील तर पोटात गोळा येतो. हा पहिल्या दिवसाचा चांगला फेरफटका, सवय व्हायला. की गावच्या गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) खालच्या वळणांवर दम लागेल, लाजायचं नाही, उतरून ढकलायचं, मी ढकललीय.

दुसरा फेरा लांगझा-हिक्किम-कोमिक. लांगझाला ती मोठी बुद्धमूर्ती आणि मागे चौ चौ कांग निल्डा शिखर. पोरं-बायका जीवाश्म विकायला येतात, शंखासारखे अमोनाइट, इथे कधीकाळी टेथिस समुद्र होता त्याचे. घेऊ नकोस प्लीज. हिक्किमला पोस्ट ऑफिस आहे, १९८३ पासून, कार्ड टाक, माझं ठाण्याला आईकडे महिन्याने पोचलं. कोमिक ४५८७ मीटर. कोमिकला गोंपाच्या बाजूला चहा घेतला आणि कप तोंडाला लावताना श्वास अडत होता, म्हणजे घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा, श्वास घ्यायचा, परत घोट. एवढ्या साध्या गोष्टीला पण नंबर लावावा लागतो तिथे.

खरी मजा आहे या गावांच्या मधल्या जुन्या पायवाटांची. रस्ता वळसे घेत जातो तिथे पायवाट सरळ डोंगराच्या अंगावरून कापत जाते, माणसांनी आणि याकांनी शेकडो वर्षं तुडवलेली, एक सायकल जाईल एवढीच रुंद. सगळ्यात सुंदर तुकडा कोमिक ते डेमुल, पुढे ल्हालुंग आणि धनकर. ट्रेकवाले करतात तो हाच. माती एकदम बारीक, पिठासारखी, वर सुट्टी खडी पसरलेली, आणि एका बाजूला उतार असा की पडलास तर थांबशील कुठे ते खाली बघून शोधावं लागेल. काही ठिकाणी मी सायकल खांद्यावर घेतली, काही ठिकाणी नुसती हातात धरून चालले. मधल्या पठारावर मात्र, अरे काय सांगू, वीस मिनिटं एकही माणूस नाही, झाड नाही, तारेचा खांब नाही, टायरखाली चुरचुर आवाज आणि लांब भरलांचा (डोंगरी निळ्या मेंढ्यांचा) कळप थांबून माझ्याकडे बघतोय. मी पण थांबले. त्यांनी मग सावकाश रस्ता ओलांडला, मला अजिबात किंमत न देता.

हा तुकडा एकट्याने किंवा दोघांनी करू नकोस. कोमिक किंवा डेमुलमधल्या घरमालकाला सांग, गावातला कोणीतरी सोबत येतो, पैसे दे. वाट कुठे फुटते ते बर्फ पडल्यावर किंवा ढग आल्यावर आपल्याला कळत नाही. आम्हाला जो मुलगा मिळाला होता तो पायात साधे कॅनव्हासचे बूट घालून सायकलच्या पुढे चालत होता. पुढे! चढावर आम्ही त्याला गाठूच शकलो नाही, उतारावर गाठलं तर तो शॉर्टकटने परत पुढे.

पायवाट सोडून बाजूने सायकल घालायची नाही. तिथलं गवत एकदा उखडलं की वर्षानुवर्षं परत येत नाही, आणि खाली सातू-वाटाण्याची शेतं असतात, त्यांचे पाट असतात. मणी दगडांची (मंत्र कोरलेल्या) भिंत किंवा स्तूप लागला तर तो उजव्या हाताला ठेवून जायचं. डाव्या बाजूची वाट जरा लांबची असते, तरी तीच घ्यायची.

पिन खोऱ्याचं विचारलं नाहीस पण सांगते, काझापासून मुद पन्नासेक किमी, अट्टरगोच्या पुलावरून आत वळायचं. चढ सौम्य आणि डोंगर रंगीत, लाल-हिरवे-जांभळे पट्टे, माणूस बघत बघत खड्ड्यात जातो. वेळ उरला तर कर, नाहीतर पुढच्या वेळी.

फोन. काझाला लागतो. वरच्या गावांमध्ये बीएसएनएल कधी लागतं, कधी नाही. आम्ही ठरवलेलं की रोज संध्याकाळी मेसेज गेला तर ठीक, नाही गेला तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घाबरायचं नाही. हे आधी बोलून ठेवलं की निम्मं भांडण वाचतं. रोख पैसे ने, काझाला एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही.

सप्टेंबरअखेर वरच्या गावात रात्री शून्याच्या खाली जातं. बाटलीतलं पाणी सकाळी गोठलेलं. ट्यूबवाली पाण्याची पिशवी असेल तर पाणी पिऊन झालं की नळीत फुंकर मारून पाणी परत आत ढकल, नाहीतर नळीच गोठते. ओठांना काहीतरी लाव, मी नाही लावलं, परत आल्यावर आठवडाभर मिसळ खाता आली नाही.

दिवसांचा हिशोब तूच मांड, पण जायला दोन, चढायला चार, काझाच्या आसपास चार, यायला दोन, असे बारा होतात आणि एकही दिवस शिल्लक राहत नाही. येताना चंदीगढहून विमान घे, किंवा साहेबांना सांग देवीने अजून दोन दिवस थांबवलं.

---

येऊर_रोजचा

सगळे उंचीवर बोलतायत, तयारीचं राहिलंच. उंचीची तयारी ठाण्यात होत नाही, बरोबर, पण बाकीची होते. येऊर एकदा चढून नाश्त्याला थांबू नका. सलग चार-पाच वेळा वर-खाली करा, पाठीवर सहा किलो घेऊन, आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत. दुसऱ्या दिवशीचा तो पहिला चढ खरी परीक्षा. वेग बघू नका, नाकाने श्वास घेत किती वेळ चढता येतं ते बघा. तोंड उघडावं लागलं की समजायचं आपण जास्त जोर लावतोय, तिकडे हाच वेग परवडणार नाही.

आणि सायकलवरून उतरून ढकलायची पण प्रॅक्टिस करा, हसू नका. दोन तास चढावर सायकल ढकलली की खांदे आणि पोटऱ्या कुठे दुखतात ते आधी कळलेलं बरं. खारघरला पावसात सोडत नसतील तर बेलापूरच्या मागची पारसिकची टेकडी आहे.

---

ऐरोलीकर_डॉक्टर

वरच्याला अनुमोदन. फक्त पावसात येऊरला शेवाळ असतं वळणांवर, गेल्या जुलैत मनगटाची दोन फ्रॅक्चर बघितली मी, दोन्ही सायकलवाले, दोन्ही उतरताना.

---

घोडबंदरी

अपडेट.

किन्नौरकडून जातोय, पनवेलची गाडी बुक केली. येताना विमान. हिला सगळं खरं सांगितलं, डॉक्टरांचा चंद्रतालचा किस्सा पण वाचायला दिला, तिने शांतपणे वाचला आणि मग म्हणाली "ठीक आहे, पण रोज मेसेज", आणि नंतर विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारलं. हे चांगलं लक्षण आहे का वाईट ते कळत नाहीये.

काल पॅकिंगची रंगीत तालीम केली. दोन्ही चाकं काढली, रोटर काढून पुठ्ठ्यात ठेवले, हँडल फिरवलं, पेडल काढले, फ्रेमला ट्यूब गुंडाळली, फोटो काढला इथे टाकायला म्हणून. तेवढ्यात आमचे चिरंजीव (वय ५) आले आणि दोन्ही ब्रेक धरून "बाबा भुर्रर्र" करायला लागले.

काका, तो पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा राहिला होता.

---

पंक्चरकाका

पॅड काढून टाका. टायर काढायचा प्लॅस्टिकचा लिव्हर असतो त्याने पिस्टन दोन्ही बाजूंनी सावकाश सरळ आत दाबा, स्क्रूड्रायव्हर लावू नका, कड तुटते. तेल आलेलं दिसलं तर हात लावू नका, शनिवारी दहानंतर घेऊन या. पोराला पण आणा.